अण्णा, तो मासा का सोडला ते सांगते

अ‍ॅबट्सफर्ड, कॅनडा, मंगळवार रात्र

प्रिय अण्णा आणि आई,

दोघांना नमस्कार. दादा-वहिनीला आठवण आणि बारक्याला खूप पापे.

रविवारी व्हिडीओ कॉलवर फोटो बघून अण्णा तुम्ही विचारलंत, "एवढा मासा हातात आला आणि सोडून दिलास?" आणि दादा मागून हसत होता, आई म्हणाली भूक लागली नव्हती का गं तुला, आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली आणि कॉल कट झाला. तेव्हापासून दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. फोनवर दोन वाक्यात सांगण्यासारखं नाहीच ते, म्हणून आज ड्युटीवरून आले, भात टाकला आणि लिहायला बसले. दादा, तू अण्णांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

शनिवारी आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझ्याबरोबर केअर होममधे काम करणारी पंजाबी मैत्रीण, आणि आमच्या किचनमधला फिलिपिनो दादा, तोच ज्याने मला मागच्या वर्षी पहिल्यांदा रॉड धरायला शिकवला. तो इथे वीस वर्षं आहे आणि नदी त्याला आपल्या परसासारखी माहीत आहे. पहाटे साडेचारला गाडी दारात. बाहेर चार डिग्री, अंधार, आणि इतकं धुकं की हायवेला पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. वाटेत टिम हॉर्टन्सला थांबून कॉफी घेतली, तिथे रांगेत निम्मे लोक वेडर्स घालूनच उभे. वेडर्स म्हणजे छातीपर्यंतची रबरासारखी पॅन्ट, खाली बूट, आत पाणी येत नाही. एवढ्या पहाटे ते घालून फिरणारा माणूस दुसरीकडे कुठे जाणार, सगळे एकाच वाटेचे.

आम्ही जातो ती नदी घरापासून अर्ध्या तासावर आहे. वर डोंगरात तिला चिलिवॅक म्हणतात आणि खाली पूल ओलांडला की तिचंच नाव वेडर होतं, जसं आपल्याकडे एकच पऱ्या, म्हणजे ओढा, वरच्या वाडीत एका नावाचा आणि खालच्या वाडीत दुसऱ्या नावाचा. पुढे ती एका सरळ खणलेल्या कालव्यातून जाऊन फ्रेझर नदीला मिळते, आणि फ्रेझर म्हणजे इथली गंगाच समजा, 1375 किलोमीटर. आणि गंमत बघा, जिथे आता मैलच्या मैल सपाट शेती आहे, मक्का, ब्लूबेरी, गाईंचे गोठे, तिथे शंभर वर्षांपूर्वी भलंमोठं तळं होतं. सुमास लेक. 1924 पर्यंत पंप लावून ते उपसून टाकलं आणि त्याची जमीन केली. पण पाणी आपली जागा विसरत नाही, हे तुम्हीच म्हणता ना. 2021 ला नोव्हेंबरात पाऊस कोसळला आणि ते तळं जसंच्या तसं परत आलं, घरं, गोठे, हायवे सगळं पाण्याखाली. त्याच वर्षी जुलैच्या 22 तारखेला चिपळूण बुडालं होतं. मी इथे आले तेव्हा लोकांनी मला त्या पुराचे फोटो दाखवले आणि मी त्यांना मोबाईलमधले आपल्या बाजारपेठेचे दाखवले, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, आणि खरं सांगते त्या दिवसापासून इथली माणसं मला परकी वाटली नाहीत. मैत्रिणीने सांगितलं की तेव्हा वर होप गावात लोक अडकले होते, तर सरे शहरातल्या गुरुद्वाऱ्यात रात्रभर जेवण बनवून हेलिकॉप्टरने पाठवलं. चिपळूणला नाही का पाणी ओसरल्यावर आजूबाजूच्या गावातून भाकऱ्यांच्या थप्प्या आल्या होत्या, तसंच.

असो, नदीवर येते.

बुधवार-गुरुवार दोन दिवस जोरदार पाऊस झाला होता. फिलिपिनो दादा गुरुवारपासून मोबाईलवर नदीची पातळी बघत होता, इथे सरकार ती तासातासाला ऑनलाइन टाकतं. शुक्रवारी रात्री त्याचा मेसेज, पाणी उतरायला लागलं, उद्या जायचंच. मला हसूच आलं, कारण अण्णा हे तुमचंच शास्त्र झालं. पाणी चढलं की मासा चढतो, आणि गढूळ पाणी निवळून हिरवट झालं की गरीला लागतो. तुम्ही हे काठावर बसून नुसत्या रंगावरून सांगायचात, इथे त्याला आलेख लागतो, पण गोष्ट एकच.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडायचं होतं आणि काठावर हेडलॅम्पचे ठिपके लागले होते. मासे दिसायच्या आधी वास येतो. आई, तुला सांगितलं तर तू नाक धरशील, मेलेल्या माशांचा वास. काठाच्या गोट्यांमधे, मुळांमधे अडकलेले मोठाले मासे, दोन-दोन फुटांचे, डोळे पक्ष्यांनी काढलेले, अंगाची कातडी पांढरी पडून सुटत चाललेली. पहिल्या वर्षी मी ते बघून घाबरले होते, म्हणलं नदीत कुणी औषध टाकलं की काय, आपल्याकडे टाकतात तसं. तर फिलिपिनो दादा म्हणाला, नाही गं, यांचं काम झालंय.

हे नीट सांगायला पाहिजे कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. सॅमन नदीत जन्मतो, वर डोंगरातल्या ओढ्यात, गोट्यांच्या खाली घातलेल्या अंड्यातून. आम्ही ज्याच्या मागे होतो तो कोहो जातीचा, तो साधारण वर्षभर गोड्या पाण्यात राहतो, मग समुद्रात जातो, तिथे दीडेक वर्ष खाऊन पिऊन मोठा होतो आणि मग अंडी घालायला परत येतो. कुठे? तर जिथे जन्मला त्याच नदीत. त्याच पाण्याचा वास ओळखून येतो म्हणे. नदीत शिरला की खाणं बंद, नुसतं वर चढायचं, अंगातल्या चरबीवर. वर पोचल्यावर मादी शेपटीने गोटे उकरून खड्डा करते, अंडी घालते, नर त्यावर आपलं काम करतो, मादी परत गोटे लोटून खड्डा झाकते आणि मग दोघंही मरतात. त्यांची कुजलेली शरीरं अस्वलं खातात, गरुड खातात, पाण्यातले किडे खातात, आणि थंडी संपून पिल्लं बाहेर आली की ती त्या किड्यांवर वाढतात. काठावरच्या झाडांनासुद्धा त्याचं खत मिळतं. म्हणजे जो वास मला घाण वाटला होता ती पुढच्या पिढीची शिदोरी आहे. आता मला तो वास आला की बरं वाटतं, म्हणजे नदी चालू आहे.

आता नियम. इथे लायसनशिवाय गरी पाण्यात टाकता येत नाही. ऑनलाइन पैसे भरून काढायचं, वर्षाचं असतं, 1 एप्रिल ते 31 मार्च, आणि सॅमन ठेवायचा असेल तर त्यावर वेगळा स्टँप. एका माणसाला एकच रॉड. एका दोरीला एकच गरी आणि गरीला उलटा काटा चालत नाही. तो जो गरीच्या टोकाशी उलटा दात असतो ना, ज्याच्यामुळे मासा सुटत नाही, तो पकडीने दाबून सपाट करायचा. आणि वर, जिथे हॅचरी आहे, म्हणजे मासे पैदास करायचं सरकारी केंद्र, त्याच्या आसपासचा वरचा पट्टा बंद, तिथे पाण्यात दोरी टाकायची नाही. कोणी पोलीस उभा नसतो बरं का, कधीतरी अधिकारी येऊन लायसन बघतो, पण त्याच्याआधी शेजारचा माणूसच टोकतो. मला हे फार आवडलं. नदीवर सत्तर माणसं आणि प्रत्येकजण राखणदार.

आमिष काय लावतात माहितीय? गाबोळी, म्हणजे माशाची अंडी! आई, तू जी हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर करतेस आणि मी आणि दादा जिच्यासाठी भांडायचो, ती. आधी पकडलेल्या सॅमनची गाबोळी मीठ, साखर, बोरॅक्स आणि गुलाबी रंग लावून मुरवतात, चिकट आणि घट्ट होते, मग कात्रीने बोराएवढे तुकडे करतात. गरीला दोरी बांधताना अशी गाठ मारतात की मधे एक फासा राहतो, त्या फाशात तो तुकडा ठेवायचा आणि दोरी ओढली की तो आवळला जातो. माझी बोटं आजपर्यंत गुलाबी आहेत, केअर होममधल्या आज्या विचारत होत्या लग्न होतं का कुठे. त्याच्या वर शिसाचे मणी आणि सगळ्यात वर तरंगणारा लाल-पांढरा फ्लोट. आपण चपलेच्या रबराचा तुकडा बांधायचो त्याच्याच जागी हा, काम तेच. प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा, वाहात खाली जाऊ द्यायचा, डोळे फ्लोटवर. बुडाला की झटका. नाही बुडाला की गुंडाळून परत वर. परत खाली. परत वर. असं शे-दीडशे वेळा.

पहिले दोन तास काही नाही. हात गारठले. मग सातनंतर उजाडलं आणि धुकं पाण्यावरून उठायला लागलं, समोरच्या डोंगरावर सीडरची काळी झाडं, मधेच मेपलची पिवळीजर्द, आणि पाण्यात एक मासा असा खळ्ळकन उडाला की सगळा काठ जागा झाला. मैत्रिणीला पहिला लागला, चम जातीचा, हिरवट अंगावर जांभळे पट्टे आणि कुत्र्यासारखे दात, दमवला तिला दहा मिनिटं, आणला आणि सोडला. मला एक लागला तो दोन उड्यात सुटला. मग अजून एक सुटला. उलटा काटा नाही ना, दोरी जरा सैल पडली की गेला.

आणि मग मी घसरले. आई, घाबरू नकोस, काही झालं नाही, पण लपवत नाही. फ्लोट अजून दहा फूट पुढे जावा म्हणून मी एक पाऊल जास्त आत गेले आणि दगड शेवाळलेला होता. कमरेपर्यंत पाणी, ओढ जोराची, एक पाय निघाला. त्या क्षणी मला अण्णा तुमचा आवाज आला, खरंच आला, "पाय उचलायचा नाही गो बाय, सरकवायचा." मी दुसरा पाय गोट्यात रोवला, अंग प्रवाहाकडे आडवं केलं, तेवढ्यात मैत्रिणीने मागून पट्ट्याला धरलं. वेडर्सवर कमरेला पट्टा घट्ट बांधायचा असतो, नाहीतर आत पाणी भरतं आणि माणूस खाली जातो. कोपराला थोडं खरचटलं, एवढंच. मग शेकोटी नाही पण गाडीचा हीटर लावून अर्धा तास बसलो, पराठे खाल्ले, तिच्या आईच्या हातचे, मुळ्याचे. मी ठरवलंय आता काठी घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. आपल्याकडे मगर, इथे अस्वल आणि ओढ, पण नदीला गृहीत धरायचं नाही हे कुठेही तेच.

साडेदहाच्या सुमारास तो लागला.

फ्लोट बुडला नाही अण्णा, नुसता थांबला. वाहता वाहता एक क्षण उभा राहिला, जसा खाली कुणी बोट लावलं. मी झटका दिला आणि रॉड वाकला तो सरळच होईना. आधी खाली पळाला, रीळ ओरडायला लागलं, मग उलटा माझ्याकडे आला, मी वेड्यासारखी गुंडाळत होते, मग उडाला, आख्खा पाण्याबाहेर, चांदीसारखा. फिलिपिनो दादा ओरडला, कोहो, कोहो, रॉड वर धर! शेजारच्या चार-पाच जणांनी आपल्या दोऱ्या गुंडाळून घेतल्या, इथली पद्धत आहे, एकाला लागला की बाकीचे वाट देतात. किती वेळ गेला माहीत नाही, हात थरथरत होते, आणि शेवटी तो काठाजवळच्या उथळ पाण्यात आडवा झाला. ती मादी होती. चार किलोच्या आसपास असेल. पाठ निळसर काळी, त्यावर बारीक ठिपके, कुशीला नुकती गुलाबी झाक यायला लागलेली आणि पोट भरलेलं, गच्च.

मी गुडघ्यावर बसले आणि हात ओले करून पहिल्यांदा पाठीकडे बघितलं. का, तर इथे हॅचरीत पिल्लं मोठी करून सोडतात तेव्हा त्यांचा एक पर कापतात, पाठीवर शेपटीजवळचा, अगदी लहान, बोटाच्या पेराएवढा. अण्णा, शेंगटीच्या पाठीवर मागच्या बाजूला काटा नसलेला मऊ चरबीसारखा पर असतो बघा, तुम्हीच दाखवला होतात, तसाच. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीचा, ठेवता येतो. तो पर शाबूत असेल तर मासा नदीत जन्मलेला, रानातला, त्याला सोडायचं. माझ्या माशाचा पर होता. पूर्ण. बोटाने हात लावून बघितला, मऊ, पाण्यात हलत होता.

फिलिपिनो दादा काही बोलला नाही. मैत्रीण म्हणाली, वाइल्ड आहे. मी म्हणलं हो.

आता तुम्ही म्हणाल नियम होता म्हणून सोडलास. नियम होताच, पण मी तुम्हाला खरं सांगते, नियम नसता तरी त्या वेळी माझ्याने झालं नसतं. पाण्यातच धरून गरी काढली, दाबलेला काटा म्हणून हलकी निघाली, तोंडाला जखमसुद्धा दिसेना. मैत्रिणीने फोटो काढला तो तेवढ्यात, म्हणूनच मासा अर्धा पाण्यात दिसतोय, त्याला वर उचलायचा नसतो, वर काढला की गुदमरतो आणि स्वतःच्या वजनाने आतून दुखावतो. मग एक हात शेपटीच्या मुळाशी, एक हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे करून धरून बसले. पोटाखालच्या हाताला ती गाबोळी जाणवत होती अण्णा, कातडीच्या आत, भरलेल्या पिशवीसारखी. कल्ले उघडझाप, उघडझाप. आणि मग शेपूट माझ्या मुठीत एकदम ताठ झालं आणि ती गेली. वरच्या अंगाला गेली, खाली नाही. एवढं लढून दमलेली, तरी वरच.

आणि मला आजी आठवली.

तुम्हाला आठवतंय का, मी तिसरी-चौथीत असेन, मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि रात्री तुम्ही पाग, ते फेकायचं जाळं, आणि बॅटरी घेऊन निघालात चढणीच्या माशांना, मी मागे लागले म्हणून मलाही घेतलंत. पऱ्याला लाल पाणी, बेडकांचा नुसता कल्लोळ, आणि बॅटरीच्या उजेडात बांधावरून वाहणाऱ्या बोटभर पाण्यात मळ्ये उलटे चढताना मी पहिल्यांदा बघितले. दगडाला पोटाने चिकटायचे, थांबायचे, परत एक हिसका द्यायचे. खाली नदीतून निघून पऱ्यातून, बांधावरून, भाताच्या खाचरात, अंडी घालायला. मी पिशवी धरून उभी होते. घरी आल्यावर आजी चुलीपाशी बसून साफ करत होती आणि एकेकाच्या पोटातून पिवळी गाबोळी काढत होती, आणि म्हणाली, "माहेरवाशिणी रे त्या, बाळंतपणाला येतात, त्यांना दारातच मारता." आजोबा काही बोलले नाहीत पण दुसऱ्या रात्री पाग खुंटीवरून काढू दिला नाही. पहिल्या रात्री खायचं तेवढं आणायचं, मग पाऊस चार दिवस कोसळत असला तरी जायचं नाही, हे आपल्या घरचं होतं. आठवतंय ना?

मग आपण ते कधी सोडलं अण्णा? मी कुणाला बोल लावत नाही. गावात सगळेच जायला लागले, जाळी स्वस्त झाली, मुंबईहून पोरं खास चढणीला यायला लागली, गोणी भरभरून मासे आणि मग वाडीत वाटून उरलेले फ्रीजमधे. त्यात कुणीतरी उन्हाळ्यात कोंडीत ब्लिचिंग पावडर टाकतं, सगळं पांढरं होऊन तरंगतं, नखाएवढं पिल्लूसुद्धा उरत नाही. मागच्या जूनला दादाने व्हिडीओ पाठवला होता, तासभर उभं राहून सात मळ्ये मिळाले, तेही बोटाएवढे. तो म्हणाला आता मासा राहिला नाही. मासा राहणार कुठून, जी वर चढायला निघते तीच तर आपण पकडतो, सगळीच्या सगळी.

आमच्या केअर होममधे एक आजी आहेत, इथल्या मूळ लोकांपैकी, स्टोलो. स्टोलो म्हणजेच नदी. ही माणसं हजारो वर्षं या फ्रेझरवर जगतात. त्या आजी सांगतात, त्यांच्याकडे उन्हाळ्यात वर घाटातल्या गरम वाऱ्यावर सॅमन चिरून माचावर सुकवतात, आपले बोंबील टांगतात तसा. आणि हंगामातला पहिला सॅमन सगळ्यांनी मिळून थोडा थोडा खायचा आणि त्याची हाडं परत नदीत सोडायची, म्हणजे तो खाली जाऊन बाकीच्यांना सांगेल की आम्हाला मान दिला, या. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला माहीत आहे की सगळं. मी गप्प बसले, कारण माहीत आहे हे खरं, आणि करत नाही हेही खरं.

आणि इथलं सगळं चांगलं आहे असं पण नाही. याच फ्रेझरवर 1914 ला रेल्वेचा रस्ता करताना दरड कोसळून हेल्स गेटला नदी अडली, लाखो मासे वर जाऊ शकले नाहीत, आणि त्यांना चढायला बाजूने वाट बांधून द्यायला 1945 उजाडलं. तीस वर्षं! तेव्हा चुकले म्हणून आता मोजतात, राखतात, एकेक पर बघतात. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांना नुकसान लिहून ठेवायची सवय आहे. आपल्या मळ्यांचा हिशोब कुणी लिहिलाच नाही.

दुपारी फिलिपिनो दादाला एक हॅचरीचा मिळाला, पर कापलेला, त्याची खूण म्हणजे तिथे नुसता बरा झालेला गुळगुळीत वण असतो. तो त्याने लगेच डोक्यात एक फटका देऊन मारला, तडफडू दिला नाही, काठावरच साफ केला आणि तीन वाटे केले. त्याने न मागता मधला तुकडा मला दिला, तुम्ही पाग कुणी का टाकलेला असेना, काठावर आहे त्याला वाटा द्यायचात तसा. गाबोळी मात्र त्याने बरणीत घातली, पुढच्या वेळच्या आमिषाला. मी तोंड वाकडं केलं पण मागितली नाही.

आई, त्याचं मी काय केलं ते तुला सांगते. निम्म्याला तू पाठवलेल्या आमसुलांचं पाणी, हळद, मीठ, लसूण चोळून ठेवलं, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. निम्म्याचं तिखलं केलं. सॅमनला स्वतःचंच तेल इतकं सुटतं की फोडणीला मी चमचाभरच घातलं होतं तरी वर तवंग. खोबरं इथे फ्रोजन मिळतं, बरं असतं. पण आमसुलं संपत आली आहेत, थोडीच उरलीत. मैत्रिणीला भाताबरोबर वाढलं तर ती म्हणाली हे आंबट कसलं आहे, एवढं छान, आणि रविवारी डबा घेऊन परत हजर.

आता दादा, हे तुझ्यासाठी. पुढच्या जूनमधे, आत्तापासून बोललास तर होईल, ग्रामसभेत विषय काढ. सगळी नदी बंद करा असं कुणी ऐकणार नाही आणि मी म्हणतही नाही. पण साकवापासून देवळापर्यंतचा पऱ्या, एवढाच तुकडा, पहिल्या चढणीचे चार दिवस सोडायचा. कुणीच पाग टाकायचा नाही. महाड तालुक्यात वाळण कोंड आहे, काळ नदीवर, वरदायिनी देवीच्या नावाने लोकांनी तिथला मासा राखलाय, कोणी हात लावत नाही, हाताएवढे मोठे मासे काठावर येतात लाह्या खायला. देवीचं नाव लागलं की माणसं ऐकतात, आपल्याकडेही पऱ्या देवळाला लागूनच आहे. आणि ब्लिचिंग पावडरचं तर सरळ नाव घेऊन बोल, घाबरू नकोस, गुरं तेच पाणी पितात. अण्णा बोलले तर वाडी ऐकेल. अण्णा, तुम्हीच पागायला सगळ्यात पटाईत म्हणून तुमच्या बोलण्याला वजन आहे, नुसत्या माझ्यासारख्या मासे विकत घेऊन खाणाऱ्या माणसाने सांगितलं तर म्हणतील परदेशात जाऊन शिकून आली.

मला रागावू नका. तुम्ही म्हणालात ना, एवढा मासा सोडवला कसा तुझ्याच्याने, तर तो तुमच्याच घरी शिकले.

बाकी तब्येत चांगली आहे, कोपर बरं आहे. थंडी वाढतेय. आपल्यात साडेबारा तासांचा फरक, तर रविवारचा कॉल तुमच्या रात्री साडेआठला लावते, माझी सकाळ आठची असेल. फराळ पाठवू नका, पार्सलला फार पैसे जातात, फक्त आमसुलं अर्धा किलो आणि कुळथाचं पीठ. केअर होममधला एक मराठी मुलगा डिसेंबरात चिपळूणला येतोय, जाताना तो आपल्याकडून घेऊन येईल. त्याच्याबरोबर मी बारक्यासाठी स्वेटर, आईला क्रीम आणि अण्णा तुमच्यासाठी दहा गऱ्या पाठवतेय, जपानी आहेत, एकदम धारदार. उलटे काटे मी बसून एकेक पकडीने दाबून ठेवलेत. एकदा लावून बघा आणि मासा सुटतो का टिकतो ते मला सांगा.

तुमची,
बाय